टकटक मिस्त्रीचा कान

गिटारवाल्यांसाठी स्पीकरचे खोके करणाऱ्या मिस्त्रीला सगळे टकटक म्हणत. नाव त्याला फारसं पसंत नव्हतं, पण तक्रार करायला तोंडही नव्हतं. फळी समोर आली की तो ती एका टोकाशी दोन बोटांत लोंबती धरायचा, बोटाच्या पेराने एकदा वर आणि एकदा मध्यावर ठोकायचा आणि मान तिरकी करून थांबायचा. फळी पसंत पडली तर कानामागची पेन्सिल काढून तिच्या कोपऱ्यात टिंब द्यायचा. नाही पडली तर भिंतीला टेकवून ठेवायचा, मग तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा कुणाकडे पाहुणा म्हणून गेला असताना त्याने यजमानांचं नवंकोरं टेबल असंच ठोकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. बायकोने टेबलाखालून पाय मारला तेव्हा कुठे भानावर आला.

घरी गाणी ऐकायच्या स्पीकरचा खोका वेगळा. त्याने गप्प बसावं, मध्ये तोंड घालू नये, म्हणून तो दाबलेल्या भुशाच्या जड फळीचा केला तरी चालतो. गिटारच्या खोक्याचं उलट. तार छेडली की स्पीकरबरोबर खोक्यानेही थोडं अंग हलवायचं असतं. पाइनचं लाकूड हलकं आणि नरम, त्यात आवाजाला ऊब येते. प्लायवूड ताठ, त्यातून आवाज नेटका आणि धारदार निघतो. भुशाच्या फळीत तो मरतो. एवढं कुणीही सांगेल. पण एकाच ओंडक्याच्या दोन पाइनच्या फळ्यांत एक बोलते आणि दुसरी घुम्यासारखी बसते, ते ओळखायला कान लागतो. टकटकचा धंदा त्या कानावर उभा होता. करवत आणि रंधा चालवणारे त्याच्या तोडीचे सुतार गल्लीत आणखीही होते.

खोक्याच्या तोंडावर कापड चढवायचं काम बायकोचं. तिचं शिलाई मशीन लाकडी भिंतीपलीकडच्या खोलीत होतं. लग्नानंतर सुरुवातीला त्या ठोकाठोकीने तिचं डोकं उठायचं. पुढे इतकी सवय झाली की आवाज थांबला तर ती हाक मारायची, "अहो, झोपलात का?"

अलीकडे टकटकचं वखारवाल्याशी बिनसलं होतं. पाइन पूर्वीसारखं येत नाही, सगळा माल मुका, अशी त्याची कुरकुर. वखारवाला बिचारा चांगल्यातल्या चांगल्या फळ्या पाठवायचा आणि त्या एकीमागून एक भिंतीला टेकायच्या. शेवटी टकटकने पाइनचा नाद सोडला, प्लायवूड धरलं, मग त्याहून टणक लाकूड. बायकोला म्हणाला, "कापड फार जाड आहे गं, आवाज अडतो." तिने पातळ आणलं. "अजून पातळ बघ." तिने तेही आणलं आणि काही बोलली नाही. घरात टीव्हीचा आवाज महिन्यामहिन्याने वाढत होता. त्याबद्दलही ती बोलली नाही.

बायकोचा धाकटा भाऊ गिटारवर पोट भरायचा. त्याच्याकडे टकटकने उमेदीच्या काळात केलेला खोका होता. तो ऐकूनच चार लोक टकटकचा पत्ता विचारत आले होते. प्रवासात त्याचे कोपरे पार झिजले, म्हणून मेहुण्याला तसाच दुसरा हवा होता. टकटकने जीव ओतून तो करून दिला. आठवड्याभरात मेहुणा दोन्ही खोके घेऊन दारात हजर झाला.

"भावोजी, रागावू नका. हा टोचतोय."

"टोचतोय म्हणजे?"

"वरचे सूर. कानात सुई घातल्यासारखं होतं."

"तुला जुन्याची सवय लागलीय, दुसरं काही नाही."

वाद नको म्हणून टकटकने नव्या खोक्यातला स्पीकर काढून आधी जुन्यात बसवला, मग परत नव्यात. मेहुण्याने दोन्ही वेळा तेच वाजवलं. टकटकला जुना खोका उशीखाली दाबल्यासारखा वाटला आणि नवा छान मोकळा. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तो दाराकडे वळला. तिथे बायको उभी होती, तोंडात टाचण्या आणि दोन्ही कानांवर हात. तिने हात झटकन खाली घेतले, पण त्याने बघितलं होतं.

टकटक जुन्या खोक्यापाशी बसला. मागच्या उघड्या बाजूने आत डोकावला. कोपऱ्यात त्याचं टिंब होतं. हीच फळी तेव्हा बोलली होती, म्हणून तर त्याने घेतली होती. आज ती त्याला मुकी वाटत होती, आणि खोक्यात बसल्या बसल्या लाकूड मुकं होत नाही. तो घाबरला. कान गेला तर उरतो तो खिळे मारणारा माणूस, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पातळ कापड मागायला लागलात तेव्हापासून," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर काम सोडून घरात बसला असता. आणि दिवसभर माझं मशीन ठोकलं असतं."

मेहुणा मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

कानाच्या डॉक्टरने सांगितलं, वरचे सूर गेले, ते परत येणार नाहीत. यंत्र दिलं. यंत्राने माणसांचं बोलणं कळू लागलं, पण फळ्या सगळ्या पत्र्यासारख्या वाजू लागल्या. टकटकने ते कामाच्या वेळी काढून ठेवलं. काही दिवस त्याने दुकान नुसतंच झाडलं. मग एका दुपारी, हात स्वस्थ बसेनात म्हणून, भिंतीला टेकलेल्या फळ्या घेऊन ठोकू लागला.

पलीकडचं मशीन थांबलं. बायको दारात आली आणि मोठ्याने म्हणाली, "ती घ्या."

"कुठली?"

"आत्ता ठोकलीत ती."

ती आपली समजूत काढतेय असं वाटून तो चिडला. तिला परत आत पाठवलं, फळ्यांची उलटापालट केली आणि पुन्हा एकेक ठोकली. या वेळी ती पलीकडूनच ओरडून सांगत होती. "ही नको. हीपण नको. ही मघाचीच." मघाचीच होती.

तो भिंतीला वळसा घालून तिच्या खोलीत गेला. "तुला लाकडातलं कधीपासून कळायला लागलं?"

"मला काय कळतंय लाकडातलं? कुठल्या आवाजानंतर तुम्ही पेन्सिल काढायचात, तेवढं कळतं."

तिने अशा निवडलेल्या फळ्यांचा खोका झाला. कापड पुन्हा पूर्वीसारखं जाड लावलं. मेहुणा येऊन वाजवायला बसला. टकटकला आवाज कोंदटच लागला, म्हणून तो ऐकायचं सोडून मेहुण्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मेहुण्याने डोळे मिटले होते, आणि खोका पारखायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ तो वाजवत होता. टकटकला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. खोलीत तिघं होती आणि ते सूर दोघांनाच मिळत होते.

वाजवणं संपल्यावर त्याने खोका फिरवला. आत कोपऱ्यात टिंब नव्हतं. त्याने कानामागची पेन्सिल काढून बायकोपुढे धरली.

"मी कशाला? खोका तुम्ही केलाय."

"फळी तू घेतलीस."

ती वाकली, आत हात घातला आणि रुपयाएवढं टिंब गिरवून ठेवलं.

"अगं, एवढं मोठं?"

"तुम्हाला दिसायला नको?"

"ऐकू कमी येतं मला. दिसतं व्यवस्थित," टकटक म्हणाला. पेन्सिल मात्र त्याने परत मागितली नाही.