काकांच्या हाताला जमेल अशी फ्रिक्वेन्सी

बदलापूर गावातल्या ज्या काकांनी मला हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच, शिकवला, त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. डावा चालायचा, पण थरथरायचा.

काकू म्हणाल्या, "रोज रेडिओ लावतात गं, आणि चिडून बंद करतात."

मला कारण कळलं. हल्ली आम्ही हॅम लोक एसएसबी नावाच्या नव्या पद्धतीने बोलतो. त्यात फ्रिक्वेन्सी लावायचा नॉब जरा हलला की माणसाचा आवाज बदकासारखा होतो. जुन्या एएम पद्धतीत थोडं इकडेतिकडे झालं तरी शब्द कळतात. काकांशी एएमवरच बोलायचं, असं मी ठरवलं.

पण कुठे? एएमला जागा दुप्पट लागते. सात मेगाहर्ट्झवर सकाळी मोकळा कोपरा बघून बोलायला लागले की कोणीतरी यायचं. "मॅडम, आपका सिग्नल बहुत चौड़ा है. कहीं और जाइए." त्यांचं चुकत नव्हतं. दुपारी गर्दी नसायची, तर काकांच्या शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या लिफ्टची खरखर सगळं गिळायची. तीन आठवडे असेच गेले. "आज पण काही ऐकू नाही आलं. जेवले नाहीत," काकूंचा फोन यायचा. एकदा पालेगावातल्या आमच्या गच्चीवर अँटेनाखाली बसून मी रडले.

शेवटी एकोणतीस मेगाहर्ट्झवर गेले. तिथे जागाच जागा, कारण माणूसच नाही, आणि लिफ्टची खरखरही कमी. काकूंना फोनवरून सेट लावायला सांगितला. "काकांना म्हणावं, बोलू नका, नुसतं माईकचं बटण दाबा." एएमवर तेवढ्यानेही ऐकणाऱ्याच्या सेटमधली खरखर शांत होते.

"काका, येतोय का आवाज?"

खरखर थांबली.

मग रोज सकाळी दहा मिनिटं. मी काहीही सांगायचे, ते बटण दाबायचे.

एके दिवशी खरखर थांबली ती पुन्हा सुरूच होईना. बटण दाबलेलं असेपर्यंत त्यांना माझं ऐकू येणार नव्हतं. काकू फोन उचलेनात. मी स्कूटर काढली. पोचले तेव्हा काकू गिरणीवरून नुकत्याच आल्या होत्या आणि काकांच्या मुठीतून माईक सोडवत होत्या. काकांना दुसरा झटका आला होता.

मोठ्या दवाखान्यात ते नऊ दिवस होते. मी उशाशी बसून बोलायचे. त्यांना ऐकू जातंय की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. दहाव्या दिवशी पहाटे काकूंचा फोन आला, काका गेले.