भिंतीपलीकडची साहेबी

हमीदमियाँ गेल्याचं मला दारातून नाय, भिंतीवरून कळलं. दसरा जवळ आला होता. मी द्राक्षाच्या वेलाचं आळं उकरत होतो, तवा त्याचा थोरला यूसुफ पलीकडून मान वर काढून म्हणाला, "चाचा... अब्बा गए." खुरपं हातातच राहिलं. रडू आलं नाय. मनात आलं ते असं... घ्या, इथंबी हा माझ्या पुढं गेला.

बेगमपुऱ्यात आमची घरं पाठीला पाठ लावून. तो हिमरूचं रेशमी कापड विणायचा, मी माळी. माझी शाळा दुसरीत सुटली, तवा हे जसं लिहिलंय तसंच छापा असं मी पेपरवाल्यांना बजावलंय. निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. माझ्या बापानं दौलताबादकडच्या कुण्या बागेतून द्राक्षाची एक काडी ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली, परसात भिंतीकडेला रोवली, आन् तिची जात कोणती ते न सांगताच त्या पावसाळ्यात तापानं गेला. बापाची मागं राहिलेली वस्तू एवढीच, आन् तिचं नाव मला ठाऊक नाय! माळ्याच्या पोराला हे सोसंल का? पानं चोळून बघितली, वास घेतला, आन् ठरवून टाकलं, ही भोकरी. भोकरीची काडी दोन डोळे, म्हंजे कोंब फुटायच्या दोन जागा, ठेवून आखूड छाटतात, मग वेल लगडतो. मी तशीच छाटत गेलो. साल गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं... नुसता पाला.

तवर वेलाचे शेंडे भिंत ओलांडून हमीदमियाँच्या अंगणात उतरले होते. ते छाटायला मी शिडी लावली, तर हा खाली उभा राहून म्हणतो, "मेरी बाजू की रहने दे, सखाराम. काटने को जी नहीं करता."

"मियाँ, फळ येणार नाय. पाला माजंल."

"साया तो मिलेगा? तेरे उधर कौनसे टोकरे भर रहे हैं?"

जा म्हणलं, बस सावलीत. त्यानं त्या लांबलचक काड्या तारेवर पसरल्या आन् मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमानं बांधल्या. लाल, हिरवं, केशरी. पोरीच्या वेण्या घातल्यागत. मी लई हसलो.

फाल्गुनात त्याची हाक आली, "सखाराम! अरे, जल्दी आ!" गेलो. बघतो तर त्याच्या बाजूला घडच घड. मणी लांबट, पिवळसर पांढरे, उन्हाकडं धरले तर आतली बी दिसावी असे. एक तोंडात टाकला आन् गार पडलो. ही भोकरी नव्हंच, ही पांढरी साहेबी! मी पूर्वी एका जहागीरदाराच्या बागेत कामाला होतो, तिथं कोपऱ्यात हिचे दोन वेल होते. आमाला हात लावायची मनाई, घड लांबूनच बघायचे. थोरला माळी एकटाच ते छाटायचा, आन् काड्या लांब ठेवायचा. मला वाटायचं, मालकाच्या वेलाला कात्री लावायला भितो. आता उमगलं. साहेबीचं फळ काडीच्या पुढच्या डोळ्यांत असतं. मी दरसाल बापाची द्राक्षं जन्मायच्या आधीच कापत होतो. "साहेबी हाय, मियाँ! माझ्या बापाची साहेबी!" असं मी ओरडलो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

ऐकून काय झालं? लोक म्हणायला लागले, हमीदमियाँचे अंगूर! मुळं माझ्या परसात, नहरीचं पाणी मी घालतो, शेणखत माझं, नाव मी ओळखलं... आन् अंगूर हमीदमियाँचे. हा नुसता हसायचा. "जड़ तेरी, फल मेरा. झगड़ा किस बात का?" दर फाल्गुनात भिंतीवरून ताट यायचं, वर हिमरूचा तुकडा झाकलेला. बायको म्हणायची, "अहो, ठेवा की आपल्याबी काड्या लांब. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं किती सालं करणार?" मी म्हणायचो, माळी मी हाय. विणकराचं बघून छाटणी करू व्हय? माझी बाजू दोन डोळ्यांवरच राहिली. राज्य गेलं, नहर आटली, नळ आले, त्याचा माग बंद पडला... बायको गेली. ताट काय चुकलं नाय.

तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी बसायला गेलो. गल्लीतलं कुणी नव्हतं, त्याच्यासंगं मागावर बसलेले दोघं म्हातारे होते. यूसुफनं माझं नाव सांगितल्यावर एक जण म्हणाला, "अच्छा, तो वो आपके वालिद की साहेबी है! अंगूर देता तो पहले यही बोलता था." मी खाली मान घालून चहा प्यालो. माझं तोंड दुखलं सांगून सांगून, तरी वेलाला बापाचं नाव लावणं मला जमलं नाय, ते हमीदमियाँनं मला न सांगता केलं. मोठ्या मनाचाबी हेवा वाटतो माणसाला. मला वाटला... अजून वाटतो.

परवा छाटणी काढली. यूसुफ रेशमाची पिशवी घेऊन आला, "चाचा, हमको नहीं आता." त्याच्या बाजूच्या काड्या मी लांब ठेवल्या, तारेवर पसरल्या, बांधल्या. गाठी हमीदमियाँसारख्या बसत नायत, चार वेळा सोडल्या. मग अलीकडं येऊन माझी बाजू छाटली. दोन डोळ्यांवर, नेहमीसारखी. यूसुफ म्हणाला, "चाचा, अब तो इधर भी लंबी रखो."

नाय ठेवणार. फळ तिकडंच येऊ द्या. फाल्गुनात भिंतीवरून हाक यायला काहीतरी निमित्त पाहिजे की नाय...