पिरिडीनचा वास

आमची ही कामावरून आली की गल्लीला आधी कळतं. मी घरातच शिवणकाम करतो. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक माप द्यायला उभं असतं. ही दारातून आत शिरली की ते बिचारं श्वास रोखतं आणि छातीचं माप चुकतं. मग मी ओरडतो, "आधी अंघोळ!"

हा वास पिरिडीन नावाच्या रसायनाचा. ही प्रयोगशाळेत झिओलाइट तपासते. झिओलाइट म्हणजे अतिसूक्ष्म भोकांची पांढरी पूड, तेलशुद्धीच्या कारखान्यात लागते. तिच्यात आम्लाच्या जागा असतात, दोन जातींच्या. ही त्या पुडीची कागदाहून पातळ चकती दाबते, निर्वात नळीत तापवून पाणी घालवते आणि मग पिरिडीनची वाफ सोडते. वाफ त्या जागांना चिकटते. वरून मशीनमधून अवरक्त किरण सोडले की कुठल्या जातीच्या जागा किती, ते आलेखातल्या शिखरांवरून कळतं. बावीस वर्षं ऐकून मलाही पाठ झालंय.

नळीची तोटी घट्ट बसली का, ते बाकीचे दाबमापकावर पाहतात. ही नाकाने ठरवायची. "काटा अडकतो, माझं नाक नाही," हा तिचा तोरा.

गेल्या महिन्यात तिला जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना वास घेऊन गेली. हिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला कळलं ते दूध करपलं तेव्हा. ही शेजारीच निवांत वाचत बसली होती.

"साहेबांना सांग," मी म्हणालो.

"सांगितलं की मशीन काढून घेतील. भांडारात बसवतील, बंद बाटल्या मोजायला."

"आणि तोट्या?"

"बघते रे मी."

कसलं बघते! तोटी सैल राहिली, दमट हवा आत गेली आणि पीएचडी करणाऱ्या एका मुलीच्या तीन नमुन्यांचे आकडे साफ चुकले. साहेबांनी खापर मुलीवर फोडलं, तुझी पूडच खराब म्हणून. त्यांनी नुसते आकडे पाहिले होते. आलेखातलं पाण्याचं शिखर हिला दिसलं.

त्या दिवशी ही जेवली नाही. "उद्या सांगून टाकते," एवढंच म्हणाली. मी धास्तावलो. पूड उडते म्हणून चकती दाबताना स्वतःच्या श्वासावर चिडणारी ही बाई भांडारात झुरून गेली असती.

दुसऱ्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. संध्याकाळी त्या कोटाचा मालक तणतणत असतानाच दार उघडलं. हिचे डोळे लाल.

तेवढ्यात तो वास आला. कुजक्या माशासारखा, उग्र. कोटवाल्याने श्वास रोखला. मी छाती भरून घेतला.

"मशीनवरच आहेस!"

"तुला कसं कळलं?" ती चकित झाली. "साहेब खूप बोलले. आता दर वेळी काटा बघून वहीत लिहायचं. तिन्ही नमुने आज पुन्हा केले, छान आले."

"मग रडलीस कशाला?"

"ती मुलगी थँक्यू म्हणाली रे." मग कोटवाल्याकडे पाहत तिने हळूच विचारलं, "खूप वास येतोय का माझ्या अंगाला?"

"भरपूर," मी म्हणालो. "बस इथेच. अंघोळीची घाई नाही."