कूलरच्या स्टँडवर बसवलेलं इंजिन

बाबांनी हिवाळाभर अंगणात बसून आपल्या जुन्या गाडीचं इंजिन खोललं, घासलं, त्यात नवे पिस्टन घातले आणि पुन्हा जोडलं, तेव्हा अख्खं हुडकेश्वर बघायला लोटलं होतं. अख्खं म्हणजे दोन शेजारी आणि एक कुत्रं. पण कुत्रं फार वेळ थांबलं. इंजिन इतकं चकाकत होतं की माझ्या बायकोनं त्यात बघून टिकली सरळ केली.

अडचण एकच. इंजिन आमच्याकडे आणि गाडी कळमेश्वरला, बहिणीच्या शेडमध्ये. मधला रस्ता असा, की त्यातल्या एका खड्ड्यात मी स्कूटरसकट उतरलो होतो आणि वर येईपर्यंत दाढी वाढली होती. त्यात बाबांनी, म्हणजे जन्मभर बसडेपोत इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसानं, जाहीर करून टाकलेलं :

"हे माया हातचं आखरी इंजिन हाय. रस्त्यात चेंबर चेपलं तर मी पुन्हा खोलत नसतो. गाडी सीधी कबाडीले, भंगारात."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा तेलाचा डबा, पातळ पत्र्याचा. सगळं वजन त्याच्यावर आलं की तो चेपतो, आणि चेपला की तेल वर चढायची वाट बंद.

"तुम्ही फिकर नका करू बाबा. मी बसवतो त्याले बराबर," मी छाती ठोकली.

आता नागपूरच्या माणसाला कुठलीही जड वस्तू दाखवा, त्याला एकच गोष्ट सुचते. कूलरचा स्टँड! आमचा लोखंडी होता, कित्येक उन्हाळे काठोकाठ भरलेला कूलर डोक्यावर घेऊन उभा. मी माप घेतलं. इंजिन अगदी मापात! चेन-कुप्पीच्या, म्हणजे जड वस्तू उचलायच्या कप्पीच्या, साखळीनं इंजिन वर उचललं, स्टँड खाली सरकवला आणि साखळी ढिली केली. स्टँडनं क्षणभर विचार केला. मग पाहुण्याच्या पाया पडावं तसा एक पाय हळूच वाकवला.

"वढ! साखळी वढ गा!" बाबा किंचाळले.

मी अशी ओढली, की बाबांनी थांबवलं नसतं तर इंजिन शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळवणात जाऊन पडलं असतं.

बायको दारातून म्हणाली, "अहो, कूलर बसते पोटावर. इंजिन गाडीत पोटावर बसते का?"

"पाह्य! सूनबाईले समजते," बाबा म्हणाले. "इंजिनाले दोन्ही बाजूनं कान असतात, गाडीत ते कानावरच लटकते. तू काहून त्याले पोटावर झोपवून राहिला बे?"

मग जे सुरू झालं त्याला सुतारकाम म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. माळ्यावर जुन्या चौकटीचं सागवान होतं. खाली दोन जाड ओंडके, त्यावर फळ्या, चार कोपऱ्यांना चार खांब, कानांच्या उंचीवर दोन आडव्या लाकडी कड्या आणि मागच्या टोकाला टेकू. बाबा सुतळीनं माप घेत होते, मी भोकं पाडत होतो, बायको बोल्ट आवळत होती. मी इतक्या जोरात करवत चालवली की शहराच्या पलीकडे सदरपर्यंत लोकांनी खिडक्या लावल्या. दुपारी पेटी उभी राहिली. इंजिन उतरलं, दोन्ही कान कड्यांवर टेकले, बोल्टनं जखडले. चेंबर अधांतरी! त्याच्याखालून माझा पंजा आरपार जात होता.

पण बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता. "सूनबाई, पुरीची भिजवते तशी घट्ट कणीक आन वं थोडी."

त्यांनी कणकेचा सुळका केला आणि चेंबरच्या बरोबर खाली फळीवर असा उभा केला, की टोक आणि पत्रा यांच्यात जेमतेम नख जावं.

"कळमेश्वरले टोक चपटं दिसलं, तर समज गाडी गेली."

टेम्पोत मागे, पेटीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, डोक्याला दुपट्टे बांधून. प्रत्येक खड्ड्यात टेम्पो उडे, मी उडे, बाबा उडत आणि तिघंही वेगवेगळ्या वेळी खाली येत. पेटी मात्र गप्प. एका खड्ड्यात तर मी वरून कळमेश्वर बघितलं! तरी डोळ्यांपुढे सारखं ते कणकेचं टोकच होतं.

शेडमध्ये पोचताच बाबा गुडघ्यांवर बसले, फळ्यांच्या फटीतून डोकावले. बराच वेळ मान बाहेरच येईना. मी त्यांना बाजूला सारून बघितलं. सुळका उन्हानं वाळून पार रोडगा झाला होता, पण टोकाला बाबांच्या चिमटीचा ठसा जसाच्या तसा!

बाबा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "कबाडीवाल्याले बोलव."

मी पेटीपुढे आडवा झालो. "काहून बाबा? चेंबरले तर काहीच नाई झालं!"

"चेंबरले नाई झालं. तुया त्या स्टँडले झालं ना! तो देऊन टाक. आन् ही पेटी घरी ने, कूलर हिच्यावर ठेव."

तेव्हापासून आमचा कूलर अंगणात, खिडकीशी, सागवानावर बसतो. उद्या भूकंप आला तर घर जाईल, कूलर हलणार नाही. बाबा गाडी घेऊन आले की हॉर्न वाजवत अगदी त्या पेटीपाशीच थांबवतात आणि पेटीच्या खांबाला धरून उतरतात.