पंखाखालचा गारवा

मी तिसरी शिकलेला माणूस. चिकलठाण्याला विमानतळावर राखणीला होतो. एका पावसाळ्यात तिथं एक छोटं विमान येऊन राहिलं. नाकाला डासाच्या सोंडंसारखी लांब दांडी. त्यात प्रवासी बसत नव्हते. लई वर जायचं, तिथली हवा किती गार, किती हलती ते मोजून खाली यायचं.

मापं घेणाऱ्या एक बाई माझ्याशी बोलायच्या. म्हणाल्या, "काका, वर हवेत खड्डे असल्यासारखे दणके बसतात. ही दांडी ते टिपते. आणि थंडी तर अशी, की पाण्याचा बर्फ व्हावा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती पिशोरची, जन्म मेंढरांमागं उन्हात गेलेला.

"खड्डे समजले, आमच्या रस्त्यावानी. पण सूर्याच्या जवळ गेल्यावर थंडी? चुलीपाशी बसल्यावर हुडहुडी भरती का, इचारा त्यांला!"

संसारात तिनं माझी एकही गोष्ट सरळ मानली नव्हती. ही मानावी, असं मला लई वाटलं. मी बाईंना चुलीचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला. चूल खाली आहे, काका."

मी दिवसभर पायाखालच्या मातीकडं बघत राहिलो.

घरी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "हात लावल्याबिगर मी मानणार नाय."

बाईंनी साहेबांची परवानगी काढली. बायको ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षानं आली. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. विमान उतरलं, पुढचे पंखे थांबले. पंखाच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरले होते. हिनं हात वर करून टेकवला. मग दुसराही टेकवला.

"अवो, माठावानी गार हाय."

मग कितीतरी वेळ वर बघत राहिली. "एवढं सगळं डोक्यावर व्हतं, अन् मी जन्मभर खाली बघून चालले."

मला म्हणाली, "तुमचं खरं हाय." एवढंच.

यंदा माघात गेली. सरणावर मी तिची घोंगडी टाकली. पोरं म्हणाली, "आबा, घोंगडी कशाला?"

मी म्हणालो, "वर काय थंडी असती, ते तिनं हात लावून बघितलंय. तुम्ही नाय."