सरांनी लपवायला लावलेला पत्ता

सर वारले म्हणून सकाळपासून त्यांचा फोटो स्टेटसला ठेवताय, तुमच्यातल्या अर्ध्यांना सरांनी वर्गात रडवलंय.

मलाही रडवलंय. म्हणून खोटं लिहिणार नाही.

फायनल इयरला दर शनिवारी सर मॉक इंटरव्ह्यू घ्यायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. सर सांगतील तसं बसायचं, सांगतील तसं बोलायचं.

त्या वर्षी दुष्काळ होता. गावात चारा नाही, पाणी नाही. गाय आणि दोन बैल घेऊन आम्ही दिंद्रुडजवळच्या चारा छावणीत राहायला गेलो होतो.

"सध्या राहता कुठं?" सरांनी विचारलं.

"छावणीत, सर."

मागून एकजण ओरडला, "जनावरांसंगं हजेरी लागती का गं तुझी?"

वर्ग हसला. सरही हसले.

"गावचा पत्ता सांगायचा. छावणी, जनावरं, काही काढायचं न्हाई. शेणाचा वास इंग्लिशमधूनबी येतो."

मग दहा वेळा म्हणायला लावलं, "आय बिलाँग टू अ फार्मर फॅमिली."

मी पाठ केलं.

पहिला खरा इंटरव्ह्यू दूध संघाचा. संकलन केंद्रावर सुपरवायझर. ती नोकरी मला हवीच होती. नाहीतर उन्हाळ्यात लग्न, असं अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सांगितलं होतं.

पॅनेलवरच्या साहेबांनी विचारलं, "चारा कमी पडून गाय आटली, तर शेतकऱ्याला काय सांगाल?"

मला माहीत होतं. चार महिने तेच बघत होते. पण छावणीचं नाव काढायचं नव्हतं ना! मी पाठ केलेलं इंग्लिश बोलत राहिले.

साहेब म्हणाले, "बाई, गाय जवळून बघितलीय का कधी?"

सगळे हसले.

त्या सकाळी मी धार काढून आले होते.

नोकरी हुकली. शनिवारी मी वर्गात उभी राहिले.

"सर, तुमी किती इंटरव्ह्यू दिले?"

सरांनी हजेरीवही मिटली. मग म्हणाले, "एकबी न्हाई. चेअरमनच्या चिठ्ठीवर लागलो."

"मग आमाला कावून शिकवता?"

"कॉलेजनं तास दिलाय म्हणून. बस खाली."

महिन्याभरानं माजलगाव तालुक्यातल्या एका लहान दूध संस्थेनं बोलावलं. आत गेल्या गेल्या सांगितलं, छावणीत राहते, गाय आहे, चारा असा वाटतात, पाणी एवढं मिळतं. अर्धा तास मराठीत बोलले. लागले. अण्णांनी लग्नाचा विषय बंद केला.

सरांनी काय केलं? कॉलेजच्या गेटवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लावला. 'आमच्या मॉक इंटरव्ह्यूचं यश.' मी काढायला सांगितला. म्हणाले, "असू दे, ॲडमिशनं वाढतील."

आज कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, सरांमुळे हिला नोकरी लागली.

नाही. सरांचं ऐकलं नाही म्हणून लागली.

सर, चाळीस पोरांसमोर चिठ्ठीचं खरं बोललात. तेवढ्यापुरते हात जोडते.

बाकीचं माफ केलेलं नाही.

या आता.