कच्च्या लाह्या

विजेच्या यंत्राला शिव्या देऊन त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो माझा धाकटा दीर. धुळ्यात आमच्या घराला लागूनच त्याचं घर, मधली भिंत एक. मागे त्याची ज्वारीच्या लाह्यांची भट्टी होती. दर नागपंचमीला पहिल्या घाण्यातली मूठ तो मला चाखायला आणायचा आणि विचारायचा, "कश्या शेतस, वहिनी?" मी म्हणायची, "कच्च्या शेतस." लाह्या चांगल्याच असायच्या, पण दिराला तोंडावर चांगलं म्हणायची आमच्यात रीत नाही. तो चिडून परत भट्टीपुढे बसायचा आणि दुसरा घाणा पहिल्याहून पांढरा काढायचा.

यंदा दम्यामुळे डॉक्टरांनी त्याचा धूर बंद केला. भट्टी पाडली. बापाचे हात रिकामे राहू नयेत म्हणून जळगावच्या लेकीने मक्याच्या लाह्या फोडायचं विजेचं यंत्र आणून दिलं. आठ दिवस त्याने त्यावर टॉवेल टाकून ठेवला. मग मका फोडून पाहिला आणि म्हणाला, कापूस खाल्ल्यासारखं लागतं. पंचमी जवळ आली तशी त्याने त्यात ज्वारी घातली. यंत्र गरम वारा सोडतं. मक्याचा दाणा जड, तो तग धरतो. ज्वारी न फुटताच उडाली ती डाळीच्या डब्यात, देव्हाऱ्यात आणि त्याच्या बनियनमध्ये. त्यांच्याकडचं वरण खाताना अजून दाताखाली दाणा येतो. पण गडी हटला नाही. आदल्या दिवशी ज्वारीला पाणी शिंपडून ती फडक्यात बांधून ठेवायची, यंत्राच्या तोंडावर चाळणी धरायची आणि मेल्या, मुडद्या म्हणत फोडायची. चार मुठी झाल्या की यंत्र तापून आपोआप बंद पडे. लेक म्हणाली, बदलून आणते. हा ते ओट्यावर नेऊन सुपाने वारा घालत बसला. म्हणाला, "दम लागला त्याले. माले लागस तवय माले बदलतीस का?"

पंचमीला गल्लीत घरोघरी पायलीच्या जागी वाटी गेली, पण गेली. माझ्याकडे तो स्वतः आला, धापा टाकत. "कश्या शेतस, वहिनी?" मी मूठ तोंडात टाकली. धुराचा वास नव्हता, बाकी बऱ्या फुटल्या होत्या. त्याची छाती भात्यासारखी हलत होती. मी म्हणाले, "चांगल्या शेतस, भाऊजी."

त्याचा चेहरा उतरला. "इतका म्हातारा दिसतो का मी?" एवढंच म्हणाला आणि वाटी तिथेच ठेवून गेला. दोन दिवस भिंतीपलीकडून यंत्राची घरघर आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी ती वाटी घेऊन गेले. यंत्रावर पुन्हा टॉवेल पडला होता. वाटी त्याच्यापुढे आदळली आणि सांगितलं, त्या दिवशी माझा दात दुखत होता म्हणून कळलं नाही. "बठ्ठ्या, एकूण एक कच्च्या शेतस."

त्याने यंत्रावरचा टॉवेल ओढला. मग, ज्यांना भाकरी नीट भाजता येत नाही त्यांनी लाह्यांचं बोलू नये, असं काहीतरी पुटपुटत उठला आणि ज्वारीवर पाणी शिंपडू लागला. मी घरी येऊन मधल्या भिंतीला पाठ लावून बसले. ज्वारी मुरायला दुसरा दिवस उजाडावा लागतो हे मला माहीत आहे. तरी बसले.